तेच मार्क्स, दोन वर्षं: सहा नकार आणि मग दोन ॲडमिशन

ही माझ्या मावसबहिणीची केस आहे. तिला विचारूनच लिहितोय, नाव आणि कॉलेज मुद्दाम देत नाहीये. मेकॅनिकल इंजिनियरिंग, चार वर्षांची डिग्री, एकूण १६० क्रेडिट्स (क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन), सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरचा सरासरी ग्रेड, १० पैकी ७.३. जर्मनीत सरकारी विद्यापीठात इंग्रजीतून शिकवला जाणारा मास्टर्स करायचा होता. २०२४ च्या विंटर सेमिस्टरला, म्हणजे ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या सत्राला, सहा अर्ज केले, सहाच्या सहा नाकारले गेले. २०२५ च्या विंटरला चारच अर्ज केले आणि दोन ठिकाणी घेतलं. मधल्या वर्षात डिग्री तीच होती, मार्क्स तेच होते, आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा परत दिली एवढाच काय तो वरचा फरक. पहिल्या वर्षी तिने आणि घरातल्या सगळ्यांनी "मार्क्स कमी पडले" असं धरूनच टाकलं होतं आणि ते खरं नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. मार्क्स पुरेसे होते. तिची डिग्री समोर बसलेल्या माणसाला वाचताच आली नव्हती.

मी स्वतः काही वर्षांपूर्वी याच वाटेने गेलो आणि आता तिकडेच नोकरी करतो, पण पहिल्या वर्षी तिने मला काहीच विचारलं नव्हतं. एकटीने केलं सगळं. मैत्रिणींच्या ग्रुपमध्ये ज्या फाइल्स फिरत होत्या त्या बघून केलं. ऑक्टोबरमध्ये फोन आला, आवाज एकदम बसलेला. "दादा, माझा प्रोफाइलच वीक आहे, आता एका कन्सल्टंटकडून एसओपी नव्याने लिहून घेते, ते म्हणतात एसओपीतच मार खाल्ला." एसओपी म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारं, अर्जासोबतचं पत्र. मी म्हटलं थांब, आधी मला सहाही नकाराची पत्रं पाठव. तर तिच्याकडे पत्रं म्हणजे पहिल्या पानाचे स्क्रीनशॉट. पत्र जर्मनमध्ये, तिने ट्रान्सलेट ॲपमध्ये पहिल्या तीन ओळी टाकल्या, "आम्हाला कळवताना खेद होतो" एवढं वाचलं आणि बंद केलं. मी समजू शकतो, त्या क्षणी पुढचं कुणाला वाचवतं. पण या पत्रांमध्ये खाली किंवा दुसऱ्या पानावर 'बेग्रुंडुंग' असा शब्द असतो, म्हणजे कारण, आणि त्याच्याखाली बऱ्याचदा अगदी स्पष्ट लिहिलेलं असतं की नियमावलीच्या कुठल्या कलमात तुम्ही बसला नाहीत. आणि सगळ्यात शेवटी यावर हरकत कशी घ्यायची, कुणाकडे घ्यायची आणि किती दिवसांत, हेही असतं, साधारण एक महिना. तिचा तो महिना कधीच संपून गेला होता.

त्या रविवारी आम्ही व्हिडिओ कॉलवर बसून पोर्टलमधून सहाही पीडीएफ काढल्या आणि प्रत्येकाचं कारण एका एक्सेल शीटमध्ये लिहिलं. तीन तास गेले. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातले सगळ्यात कामाचे तीन तास तेच, कारण सहापैकी एकाही पत्रात एसओपीचं नाव नव्हतं.

एका ठिकाणी लिहिलं होतं की जर्मन पद्धतीने काढलेला ग्रेड २.६२ येतो आणि कोर्सची मर्यादा २.५ आहे (तिकडे आकडा जितका कमी तितका चांगला). दोन ठिकाणी लिहिलं होतं की मॅथ्सचे क्रेडिट्स कमी पडतात. एका ठिकाणी अर्ज अपूर्ण म्हणून बाद. एका ठिकाणी आयईएल्टीएसचा एकूण बँड ६.५ होता तो ठीक, पण त्या कोर्सला परीक्षेच्या प्रत्येक मॉड्यूलमध्ये (रीडिंग, रायटिंग वगैरे) किमान ६ हवे होते आणि हिला रायटिंगला ५.५. आणि फक्त एका ठिकाणी सरळ लिहिलं होतं की जागा मर्यादित, अर्ज जास्त, तुमचा नंबर लागला नाही. म्हणजे सहातला एकच नकार खऱ्या अर्थाने स्पर्धेतला होता, बाकी पाचांत ती स्पर्धेच्या मैदानात उतरलीच नव्हती, दारातच थांबवलेली.

आता एकेक घेतो, पण सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही कारण सगळी प्रकरणं सारखी नाहीत.

अपूर्ण अर्जाचं आधी. तिचे चार अर्ज युनि-असिस्टमार्फत होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही बर्लिनमधली संस्था आहे, अनेक जर्मन विद्यापीठांच्या वतीने परदेशी विद्यार्थ्यांचे कागद तपासते आणि मग विद्यापीठाकडे पुढे पाठवते. पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येक अर्जाला ३०, म्हणजे चार अर्जांचे १६५ युरो. शेवटच्या सेमिस्टरची मार्कशीट कॉलेजकडून जूनच्या अखेरीस हातात आली, डेडलाइन १५ जुलै, त्यामुळे सगळं शेवटच्या दहा-बारा दिवसांत उरकलं. तिने बँकेतून १६५ युरो पाठवले, पण मधल्या बँकेने आपला चार्ज त्यातूनच कापून घेतला आणि पोचले त्यापेक्षा कमी. फी पूर्ण जमा झाल्याशिवाय अर्ज तपासायला घेत नाहीत, हे त्यांनी आधीच स्पष्ट लिहिलेलं असतं. तिला कळेपर्यंत आठवडा गेला, उरलेले पैसे भरले, मग अर्ज तपासला गेला आणि मग मेल आला की अमुक एक कागद नाहीये, पण तोपर्यंत डेडलाइन उलटलेली होती. कागद तिच्याकडे होता हो! फोल्डरमध्ये पडलेला, अपलोड करायचा राहिलेला. वेळेत तपासणी झाली असती तर दोन मिनिटांचं काम होतं. तपासणीला चार ते सहा आठवडे लागतात आणि डेडलाइनच्या आठ आठवडे आधी अर्ज टाका असं ते सुचवतात, ते उगाच नाही. ते आठ आठवडे म्हणजे चूक दुरुस्त करायला मिळालेला वेळ असतो.

आयईएल्टीएसबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एकूण बँड बघून खूश झाली, कोर्सच्या पानावरची "प्रत्येक मॉड्यूलमध्ये किमान" ही ओळ वाचली नाही. दुसऱ्या वर्षी अख्खी परीक्षा परत दिली. एकच मॉड्यूल परत द्यायची सोय आता काही ठिकाणी आहे, पण तो निकाल सगळीच विद्यापीठं धरत नाहीत म्हणून मी म्हटलं पूर्णच दे. रायटिंगला ६.५ आले.

आता ग्रेडचं. इथे मला जरा थांबायचंय, कारण ही गोष्ट माझ्याही लक्षात पहिल्या झटक्यात आली नाही.

जर्मनीत ग्रेड उलटे चालतात, १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे जेमतेम पास, ५.० म्हणजे नापास. परदेशी मार्क्स त्यात बसवायला जे सूत्र वापरतात त्याला मॉडिफाइड बव्हेरियन फॉर्म्युला म्हणतात: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करायचे, त्याला कमाल वजा किमान पास यांनी भागायचं, तीनने गुणायचं आणि त्यात एक मिळवायचा. यात तीन आकडे लागतात. कमाल १० आणि तिचे ७.३ हे दोन सगळ्यांना माहीत. तिसरा, किमान पास किती, तो कुणी नीट बघतच नाही. आणि सगळी गंमत त्या तिसऱ्या आकड्यात आहे. किमान पास ५ धरला तर २.७ भागिले ५ गुणिले ३ अधिक १, उत्तर २.६२. किमान पास ४ धरला तर २.७ भागिले ६ गुणिले ३ अधिक १, उत्तर २.३५. मार्क्स तेच. मर्यादा २.५ ची. एका आकड्याने तिला रेषेच्या या बाजूला ठेवलं किंवा त्या बाजूला.

मग खरा किमान पास किती? मी तिला म्हटलं मार्कशीट कॅमेऱ्यासमोर धर. तिने पुढची बाजू धरली, विषय, क्रेडिट्स, ग्रेड, खाली सही शिक्का. मी म्हटलं उलटी कर. मागे फिकट करड्या शाईत बारीक अक्षरांत एक तक्ता छापलेला होता, ओ म्हणजे १०, ए प्लस म्हणजे ९, असं उतरत उतरत शेवटून दुसरी ओळ: पी, पास, ४. त्याच्याखाली एफ, नापास, ०. म्हणजे विषयात पास व्हायला ४ पुरे. तिने आठही सेमिस्टरच्या मार्कशीट स्कॅन केल्या होत्या, छान रंगीत, सरळ, आणि प्रत्येकीची फक्त पुढची बाजू. मागे काही महत्त्वाचं असेल असं वाटलंच नाही, ते म्हणजे नियम-बियम छापलेले असतात ना, तसं. आणि वर तिने एक पत्र जोडलं होतं, कॉलेजमधून आणलेलं, सीजीपीएचे टक्के कसे करायचे त्याचं. त्यात एक वाक्य होतं की डिग्री मिळायला एकूण सीजीपीए किमान ५.० हवा. तपासणाऱ्यासमोर किमान म्हणून आलेला तो एकमेव आकडा. त्याने ५ धरला. त्याच्या जागी मी असतो तर मीही ५च धरला असता.

इथे प्रामाणिकपणे एक सांगायला हवं, ४ बरोबर आणि ५ चूक असं काही ठामपणे म्हणता येत नाही. विषयात पास व्हायचा किमान ग्रेड घ्यायचा की डिग्री मिळण्याचा किमान सीजीपीए, याबद्दल वेगवेगळ्या विद्यापीठांची पद्धत वेगळी असू शकते. दुसऱ्या वर्षी आम्ही मागच्या बाजूसकट सगळं दिलं, शिवाय विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून ग्रेडिंग स्केलचं सही-शिक्क्याचं पत्र घेतलं, तरी एका ठिकाणी ५च धरला आणि २.६२ मुळे परत नकार आला. पण बाकीच्या ठिकाणी ४ धरला. कागद दिला म्हणून आपल्याच बाजूने लागेल असं नाही, पण कागद दिलाच नाही तर प्रश्नच उभा राहत नाही.

आता मॅथ्स. दोन नकार यामुळे होते आणि मला वाटतं इंजिनियरिंग करून जाणाऱ्या बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

युरोपात क्रेडिट मोजायची पद्धत ईसीटीएस. पूर्ण वेळ अभ्यासाच्या एका वर्षाला ६० ईसीटीएस, आणि एक ईसीटीएस म्हणजे विद्यार्थ्याची २५ ते ३० तासांची मेहनत, यात लेक्चर, घरचा अभ्यास, परीक्षा सगळं आलं. तिची चार वर्षं म्हणजे २४० ईसीटीएस आणि तिचे स्वतःचे क्रेडिट्स १६०, म्हणजे ढोबळमानाने एका क्रेडिटला दीड ईसीटीएस. सगळीकडे हेच गणित धरतात असं नाही, पण अंदाज बांधायला पुरतं. ज्या कोर्सने नाकारलं होतं त्याच्या नियमावलीत लिहिलेलं होतं, मॅथ्सचे किमान २५ ईसीटीएस. तिच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे सगळ्या विषयांच्या एकत्रित गुणपत्रकावर, मॅथ्स एक, दोन, तीन, प्रत्येकी ४ क्रेडिट. बारा क्रेडिट, म्हणजे १८ ईसीटीएस. सात कमी. तपासणाऱ्याने बरोबरच मोजलं होतं.

मी विचारलं, न्यूमेरिकल मेथड्स नव्हतं का तुम्हाला? म्हणाली होतं ना, पण ते कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्समध्ये होतं. मी म्हटलं म्हणजे? तर विषयाचं नाव 'कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स इन इंजिनियरिंग', आणि सिलॅबस उघडून बघितला तर न्यूटन-राफसन, गाऊस एलिमिनेशन, इंटरपोलेशन, न्यूमेरिकल इंटिग्रेशन, रुंगे-कुट्टा! कॉम्प्युटर म्हणजे काय तर हेच सगळं प्रोग्रॅम लिहून सोडवायचं. अख्खा चार क्रेडिटचा गणिताचा विषय, आणि नावावरून कुणालाही वाटेल की वर्ड-एक्सेल शिकवलं असेल. मग अजून शोधलं. 'क्वालिटी इंजिनियरिंग' म्हणून तीन क्रेडिटचा विषय होता, त्यात प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्यूशन्स, हायपोथेसिस टेस्टिंग, रिग्रेशन, म्हणजे जवळजवळ सगळं स्टॅटिस्टिक्सच. चार आणि तीन सात क्रेडिट, साडेदहा ईसीटीएस. अठरा अधिक साडेदहा, साडेअठ्ठावीस. हवे होते पंचवीस.

ती गप्प झाली एकदम. मग म्हणाली, "म्हणजे दादा मी बसत होते?" हो, बसत होती. तिकडे बसलेल्या माणसाकडे विषयाच्या नावाखेरीज काहीच नव्हतं. त्याने तिचं कॉलेज पाहिलेलं नाही, तिथे कुठला विषय कुठल्या नावाखाली शिकवतात हे त्याला कळायचं कसं, आणि त्याच्यासमोर असे शेकडो ट्रान्सक्रिप्ट. त्याच्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही.

यावर उपाय म्हणजे मॉड्यूल हँडबुक. जर्मन विद्यापीठांमध्ये प्रत्येक विषयाचं एक पान असतं: विषयाचं नाव, क्रेडिट्स, तास, शिकवलेले घटक, परीक्षेची पद्धत, पुस्तकं. आपल्याकडे सिलॅबसची मोठी फाइल असते पण ती चारशे पानांची, सगळ्या विषयांची एकत्र, ती तशीच कुणी जोडली तर कोण उघडून बघणार. हिने दोन महिने लावून आपल्या ४२ विषयांचं नीट एकेक पान केलं, सिलॅबसमधूनच शब्दशः घेऊन, स्वतःचं काही न घालता, आणि विभागप्रमुखांकडून प्रत्येक पानावर सही-शिक्का घेतला. त्यासाठी कॉलेजात पाच चकरा झाल्या. पुढे एक तक्ता लावला, डाव्या बाजूला कोर्सच्या नियमावलीत मागितलेला विषयगट आणि ईसीटीएस, उजवीकडे तिचा विषय, क्रेडिट्स, तास आणि हँडबुकचा पान नंबर. काही विद्यापीठं असा तक्ता स्वतःच भरून मागतात. जी मागत नाहीत त्यांनाही आम्ही जोडला.

एका गोष्टीवरून मात्र आमचं वाजलं. तिला थर्मोडायनॅमिक्सही मॅथ्समध्ये टाकायचं होतं, कारण त्यात पार्शियल डेरिव्हेटिव्ह्ज येतात. मी नाही म्हटलं. ओढूनताणून एक विषय घातला की वाचणाऱ्याचा बाकीच्या तक्त्यावरचाही विश्वास उडतो, आणि त्याची गरजही नव्हती, २८.५ होतच होते. तिने शेवटी काढला, जरा नाखुशीनेच.

दुसऱ्या वर्षी कोर्स निवडायची पद्धतही आम्ही पूर्ण बदलली. पहिल्या वर्षी तिने रँकिंगच्या याद्या बघून निवडले होते. या वेळी डीएएडी या जर्मनीच्या विद्यार्थी-देवाणघेवाण संस्थेच्या कोर्स डेटाबेसमधून इंग्रजीतले साधारण तीस कोर्स काढले आणि प्रत्येकाची प्रवेशाची नियमावली शोधली. ही नियमावली बहुधा फक्त जर्मनमध्ये असते, विद्यापीठाच्या साइटवर कुठेतरी खोल पीडीएफमध्ये, आणि इंग्रजी पानावर असतो त्याचा दोन ओळींचा गोड सारांश, "संबंधित विषयातली बॅचलर डिग्री" एवढाच. खरं काय हवं ते त्या पीडीएफमध्ये असतं, कुठल्या विषयाचे किती ईसीटीएस, ग्रेडची मर्यादा आहे का, पॉइंट्स कसे देतात. ट्रान्सलेट करून वाचली तरी कळते. तीसमधून चार उरले. तिला चार फार कमी वाटत होते, सहा केले तेव्हा काही मिळालं नाही आणि आता चारच? पण या चारांत ती कागदावर बसत होती हे आम्ही ओळ न ओळ तपासलेलं होतं.

खर्चाच्या बाजूनेही गाळणी लागली. सरकारी विद्यापीठात ट्यूशन फी नसते हे सर्रास ऐकू येतं पण सगळीकडे खरं नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ च्या विंटरपासून सेमिस्टरला १,५०० युरो आहेत, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या विंटरपासून मास्टर्सला सेमिस्टरमागे ४,००० ते ६,००० युरो लावलेत. जमणार असेल तर जरूर जावं, पण तिला जमणार नव्हतं.

एपीएस सर्टिफिकेटचं एक सांगतो. भारतातून जाणाऱ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून ते लागतंच, डिग्रीचे कागद खरे आहेत याची ती तपासणी, फी १८,००० रुपये. ते एकदा काढलं की परत काढावं लागत नाही, त्यामुळे दुसऱ्या वर्षी तेवढा घोर नव्हता. पण पहिल्यांदा जाणाऱ्याने सगळ्यात आधी हेच हातात घ्यावं, बाकी सगळं त्याच्यामागे उभं असतं.

आणि एसओपी, ज्याला ते लोक मोटिव्हेशन लेटर म्हणतात. नकाराच्या कारणात ते नव्हतं हे खरं, पण मी वाचलं तेव्हा मला बरं नाही वाटलं. पहिला परिच्छेद लहानपणी खेळणी उघडून बघायचे यावर, दुसरा जर्मनी इंजिनियरिंगमध्ये जगात कशी पुढे आहे यावर. जर्मन प्राध्यापकाला जर्मनी कशी आहे हे सांगून काय उपयोग? मी विचारलं तुझ्या फायनल इयर प्रोजेक्टमध्ये काय झालं ते सांग. एका टोकाला घट्ट धरलेल्या स्टीलच्या पट्टीची नॅचरल फ्रीक्वेन्सी मोजायची होती, आणि गणिताने जी येत होती त्यापेक्षा मोजलेली सारखी कमी येत होती. तीन आठवडे सेन्सरवर संशय घेतला. शेवटी कळलं की पट्टी जिथे शिकंज्यात धरली होती तो शिकंजाच किंचित हलत होता, म्हणजे सूत्रात टोक पूर्ण घट्ट धरलंय असं मानलेलं आणि प्रत्यक्षात ते तसं नव्हतं. हे सांगताना तिचा चेहराच बदलला, हातवारे करून सांगत होती. मी म्हटलं हेच लिही. एका पानात बसवलं: पट्टीचा किस्सा, त्यातून मॉडेल आणि प्रत्यक्ष यांच्यातल्या फरकाबद्दल पडलेले प्रश्न, त्या कोर्समधले कुठले दोन विषय त्यासाठी घ्यायचेत, आणि मधल्या वर्षात एका डिझाइन ऑफिसमध्ये ट्रेनी म्हणून काय केलं. कन्सल्टंटला पैसे दिले नाहीत.

अर्ज मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गेले. फी या वेळी सगळे चार्ज आपल्याकडे घेऊन, पूर्ण रक्कम पोचेल अशी भरली. युनि-असिस्टकडून एका कागदाबद्दल मेल आला, दुसऱ्याच दिवशी अपलोड केला, विषय संपला. पहिल्या वर्षी याच प्रकारच्या मेलने एक अर्ज गेला होता.

निकाल जुलैपासून यायला लागले. पहिला नकार, तोच २.६२ वाला. त्या दिवशी तिने फोन उचलला नाही माझा. मग दहा दिवसांनी एक होकार, ऑगस्टच्या सुरुवातीला दुसरा, चौथ्याचा नकार सप्टेंबरमध्ये आला तोपर्यंत कुणाला त्याचं काही वाटलं नाही. पहिल्या होकाराच्या पत्रात ग्रेड छापलेला होता, २.३५. तिने त्या आकड्याभोवती लाल गोल करून मला पाठवलं, सोबत एक शब्द नाही.

एक गोष्ट पटकन सांगून ठेवतो, होकाराच्या पत्रातही तारीख असते. अमुक दिवसापर्यंत सीट घेतोय असं पोर्टलवर कळवलं नाही तर ती जाते. तेही पत्र जर्मनमध्येच होतं, पण या वेळी तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं होतं.

पुढचं काम नेहमीचं. ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे जे पैसे आधीच खात्यात भरून दाखवायचे असतात त्यांचा, आकडा तिने पहिल्या वर्षी ११,२०८ युरो असा टिपून ठेवला होता, सप्टेंबर २०२४ पासून तो ११,९०४ झालाय, महिन्याला ९९२, त्यामुळे घरच्यांना जवळजवळ ७०० युरोंची जास्तीची जुळवाजुळव करावी लागली. हे आधीच बघितलं असतं तर शेवटच्या आठवड्यातली धावपळ वाचली असती, ही चूक माझीही, मला माहीत होतं आणि माझं सांगायचं राहून गेलं. मग हेल्थ इन्शुरन्स, जो तिकडची विमा कंपनी परस्पर विद्यापीठाला ऑनलाइन कळवते, मग व्हिसा. व्हिसाला अपेक्षेपेक्षा वेळ लागला आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा हातातून गेला. विद्यापीठाला आधीच मेल करून ठेवला होता, त्यांनी उशिरा यायची परवानगी लेखी दिली. तशी परवानगी मिळते, पण मागावी लागते आणि तारीख उलटायच्या आधी मागावी लागते.

तिकडे पोचल्यावर एनरोलमेंटच्या काउंटरवर मूळ कागद दाखवायचे होते. तिने सांगितलं ते तसंच लिहितो. काउंटरमागच्या बाईंनी शेवटच्या सेमिस्टरची मार्कशीट हातात घेतली, पुढची बाजू स्क्रीनवरच्या स्कॅनशी ताडून बघितली, मग कागद उलटा केला, तो फिकट तक्ता बोटाने खालपर्यंत वाचत आल्या, पी वर थांबल्या, मान हलवली आणि शिक्का मारला.

मॉड्यूल हँडबुकची ती फाइल तिने आता कॉलेजच्या विभागातच ठेवायला दिली आहे, सही-शिक्क्यासकट. तिच्या ज्युनियर बॅचमधल्या दोघी यंदा तीच वापरतायत.